सोमवारचा बीम

"पुन्हा कोसळला," मी म्हणाले.

डाबरेंनी वहीतून मान वर केली नाही. "काय कोसळलं?"

"सिग्नल. तुमचा बीम हलतोय म्हणून."

"बीम जिथल्या तिथे आहे, मॅडम. सकाळी दहाला होता तिथे, आता साडेतीनला आहे तिथे. दर तासाला लिहितोय मी."

"मग सोमवारी बरोबर येतं आणि गुरुवारी का येत नाही?"

"ते तुम्ही सांगायचं. तुमचा शंकर बहुतेक सोमवारीच प्रसन्न होतो."

आमचं मशीन चालवणाऱ्या, वसईच्या विल्सन डाबरेंनी मला शंकराचा दाखला द्यावा, यात एरवी मला मौज वाटली असती. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने हेच चाललं होतं. सोमवारी मी हसत हॉस्टेलवर जायची आणि मंगळवार ते शुक्रवार कपाळाला हात लावून बसायची.

आमचं मशीन पुण्याबाहेरच्या एका टेकडीवर, दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीआड होतं. त्यातून इलेक्ट्रॉनचा एक अतिशय छोटा झोत, म्हणजेच बीम, सुटायचा आणि काडेपेटीएवढ्या काचेच्या कुपीतल्या द्रवातून आरपार जायचा. द्रवाचं नाव टेट्राहायड्रोफ्युरान, आम्ही टीएचएफ म्हणायचो. झोत गेला की द्रवाच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन उडतात आणि मागे रिकामी जागा उरते. हाच धन प्रभार. ही जागा स्वस्थ बसत नाही. खो-खोतल्या खोसारखी ती शेजाऱ्याला दिली जाते, आणि कुणी पकडायच्या आत तो द्रवच मोडून तिचा निकाल लावतो. किती वेळात, तर सेकंदाचे अब्ज भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार.

पुस्तकं सांगत होती, या द्रवात तिला पकडणं जमणार नाही. माझे मार्गदर्शक उपासनीसर सांगत होते, पकडणारे रेणू दाटीने उभे करा, काही प्रभार तरी हाती लागतीलच. हे सिद्ध करणं हा माझा प्रबंध. चोर पकडताना दिसणार नव्हता, आमच्या यंत्रांची नजर तेवढी तेज नव्हती. पण पकडलेला दिसणार होता. पकडणारा रेणू लाल प्रकाश गिळू लागतो, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी रेघ पायरीसारखी वर चढते. पायरी चढली म्हणजे प्रभार पकडला. ती तिथे काही काळ टिकली, म्हणजे पकड खरी.

सोमवारी पायरी चढायची आणि टिकायची. इतर दिवशी चढायची आणि चढल्या पावली खाली घरंगळायची. आता अशा रेघांवर कोण पदवी देणार? माझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. चंद्रपूरच्या कॉलेजात माझ्यासाठी एक जागा जुलैपर्यंत धरून ठेवली होती, प्रबंध जमा झाला तरच. आणि मार्चअखेर मशीन वर्षभरासाठी दुरुस्तीला बंद होणार होतं.

"द्रव तपासलात का?" डाबरेंनी विचारलं. हे त्यांनी आधीही दहा वेळा विचारलं होतं.

"द्रव मी स्वतः शुद्ध करते. दर सोमवारी सकाळी, सोडियमवर उकळून, माझ्या हातांनी."

"मग झालं. नाचता येईना, अंगण वाकडं."

हे ते स्वतःशी पुटपुटले, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. पाच वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे शिफ्टची वही माझ्यापुढे सरकवली. मी न बघता खाली फराटा ओढला आणि दार आपटून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. अंगण वाकडं काय, दाखवतेच, असं म्हणत लिहिली, हे कबूल केलेलं बरं. तर्कही माझ्यापाशी तयार होता आणि तो दिसायला फार देखणा होता. रविवारी मशीन बंद असतं, थंड होतं, म्हणून सोमवारी बीम स्थिर असतो. मंगळवारपासून मशीन तापत जातं आणि चालक त्याकडे लक्ष देत नाही. चार महिन्यांचे फोटो जोडले. पडद्याचे फोटो आम्ही पोलरॉइडवर काढायचो, त्यामुळे पुराव्याला तोटा नव्हता. उपासनीसरांनी वाचून "मुद्देसूद आहे" म्हटलं आणि खाली शिफारस केली.

एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि सरांना माहीत होती. डाबरे अकरा वर्षं एकाच जागेवर होते आणि सीनियर ऑपरेटरच्या जागेसाठी त्यांची मुलाखत मार्चच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, होती. तक्रारीची एक प्रत निवड समितीकडे गेली. डाबरेंना मेमो मिळाला, आणि मुलाखतीचं मला तेव्हा कळलं.

मी तक्रारीची स्वच्छ प्रत काढत होते तेव्हा स्टोअरचे भोईटेकाका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. काका साताऱ्याकडचे, पन्नाशी उलटलेले. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. शुद्ध केलेल्या द्रवाच्या बाटल्या त्यांच्या कपाटात राहायच्या. सकाळी खिडकीशी जाऊन बाटली घ्यायची, त्यांच्या रजिस्टरात सही करायची, संध्याकाळी उरलेली परत द्यायची. हातात एक पत्र्याची डबी घेऊन ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. पुतणीचं लग्न, फलटण, तीन दिवस, किल्ली शिपायाकडे, डबी खिडकीत. मी "हो काका, बघते" असं चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा मान वर केली नाही.

पुढचा सोमवार उजाडला आणि सिग्नल चांगला आला. त्याचं काही विशेष नव्हतं. पण मंगळवारीही आला. बुधवारी तर असा आला, की पायरी चढली ती तिथेच ठाण मांडून बसली. मी तिचे सहा फोटो काढले. मेमोनंतर डाबरे माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हते, बोटाने खुणा करायचे. मी मात्र गप्प बसले नाही.

"बघितलंत? लक्ष दिलं की होतं."

डाबरेंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी काहीही वेगळं केलेलं नाही, मॅडम. एक खिट्टी फिरवलेली नाही."

मला ते निगरगट्टपणाचं वाटलं. उपासनीसर खूश होऊन खोलीत येरझारा घालत म्हणाले, की आता शुक्रवारच्या शेवटच्या शिफ्टमध्ये पकडणाऱ्या रेणूंची दाटी पाच वेळा बदलून पाच मोजमापं घे, की प्रबंधाचं मुख्य प्रकरण पुरं. दाटी वाढेल तशी पायरी उंच व्हायला हवी. ती झाली की कुणाची बोलायची टाप नाही.

गुरुवारी सकाळी स्टोअरच्या खिडकीशी गेले तर भोईटेकाका परतले होते आणि माझ्या तीन बाटल्या त्यांनी कपाटातून काढून अंगणात, भिंतीच्या सावलीत, वाळूच्या बादलीत उभ्या केल्या होत्या. मी बाटली मागितली.

"मिळायची न्हाई."

"का?"

"तीन दिस झालं बिनचिमटीच्या पडल्यात. जाताना तुमास्नी काय सांगितलं हुतं म्या? डबी खिडकीत हाय, रोज सांजच्याला उरल्या बाटलीत येक येक चिमूट सोडा. तुमी हो म्हनलासा. येकदा न्हाई, चार बारी हो म्हनलासा."

"कसली चिमूट?"

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले आहे. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. त्यांचं अक्षर शाळामास्तरासारखं होतं, एकेक काना वेगळा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मंगळवार, दोन बाटल्या, उरलेल्या टीएचएफमध्ये स्थिरकाची चिमूट घातली. बुधवार, दोन बाटल्या, चिमूट घातली. गुरुवार, एक बाटली, चिमूट घातली. पान उलटलं, तेच. आणखी एक उलटलं, तेच. आणि प्रत्येक ओळीत, बाटली घेणाऱ्याच्या रकान्यात, माझी सही. हे. गेडाम. हे. गेडाम. हे. गेडाम.

टीएचएफ कारखान्यातून येतं तेव्हा त्यात हा स्थिरक असतोच. शुद्ध केलं की तो जातो. तो नसेल तर हवेशी संबंध येऊन द्रवात हळूहळू असं काहीतरी साचतं, की एखाद दिवशी बाटलीचं झाकण फिरवायला जावं आणि स्फोट व्हावा. अकरा वर्षांपूर्वी या स्टोअरात ईथरची एक जुनी बाटली अशीच फुटली होती. काकांची दोन बोटं गेली. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तांडेल नावाच्या स्टोअरकीपरचे दोन्ही डोळे गेले. त्या दिवसापासून काकांनी स्वतःचा नियम केला होता, की बिनचिमटीची बाटली त्यांच्या कपाटात रात्र काढणार नाही. नियम कागदोपत्री नव्हता, पण रोज रजिस्टरात लिहिलेला होता. लपवलेलं काही नव्हतं.

मी म्हणाले, "काका, साचायला महिने लागतात. तीन दिवसांत काही होत नाही."

त्यांनी डावा हात रजिस्टरावर ठेवला. उरलेली तीन बोटं पसरून. "तांडेल बी ह्येच म्हनायचा," ते म्हणाले.

मी तिथल्या पायरीवर बसले. माझे रेणू प्रभार पकडत होते, रोज पकडत होते, सोमवारीही आणि गुरुवारीही. पण गुरुवारच्या बाटलीत काकांचा स्थिरक होता, आणि माझ्या रेणूने पकडलेला प्रभार तो क्षणात हिसकावून घेत होता. चोरावर मोर. म्हणून पायरी चढायची आणि घरंगळायची. सोमवारी द्रव सकाळी केलेला, त्याच दुपारी वापरलेला, चिमूट पडायच्या आधीचा. या आठवड्यात काका फलटणला होते, म्हणून तिन्ही दिवस सोमवारच होते. मशीन तापण्याशी, बीम हलण्याशी, डाबरेंशी यातल्या कशाचाही काडीचा संबंध नव्हता.

आधी काकांवर चिडले. सांगायला काय झालं होतं, म्हणून. मग आठवलं की त्यांनी सांगितलं होतं, लिहिलंही होतं. मग उपासनीसरांवर चिडले. मग चिडायला कुणी उरलं नाही.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुझे या आठवड्याचे निकाल खरे आहेत?"

"हो."

"आणि उद्याच्या शिफ्टला ताजा द्रव वापरलास, तर तेही खरे असतील?"

"हो. पण सर, डाबरेंचा मेमो..."

"बाटलीचं बाटलीत राहू दे आता. उद्याची मालिका घे. मशीन बंद झालं की आपण निवांत एक चांगलं पत्र लिहू त्यांच्यासाठी."

"मुलाखत परवा आहे, सर. नंतर पत्र म्हणजे वरातीमागून घोडं."

"मग आज लिही दोन ओळी."

"दोन ओळींवर कोण विश्वास ठेवेल? मी चार महिन्यांचे फोटो जोडून तक्रार केलीय, त्यावर तुमची शिफारस आहे. तितक्याच फोटोंनी ती खोडायला लागेल. एकाच दिवशी, एकाच बीमवर, चिमटीचा द्रव आणि बिनचिमटीचा. पुन्हा पुन्हा. त्यात शिफ्ट जाईल."

सरांनी एक कागद पुढे ओढला. ते वाईट नव्हते. त्यांनी हिशेब मांडून दाखवला, की मालिका उद्या झाली नाही तर पुढचा बीम वर्षाने, शिष्यवृत्ती जूनला, चंद्रपूर जुलैला. "तू ठरव," ते म्हणाले, "पण मला विचारशील तर माझं उत्तर तुला माहीत आहे." मी विचारलं नाही. संतापाचं एक बरं असतं, त्यात माणूस फार विचार करत नाही, आणि त्या दिवशी तो सगळा संताप माझ्या स्वतःवरचा होता.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता द्रव उकळायला ठेवला. नऊला भोईटेकाकांशी नवा तंटा. दोन बाटल्यांतल्या एकीत चिमूट टाका म्हटलं, तर ते म्हणाले, टाकायची तर दोन्हीत. मी समजावलं, की फरक दाखवायचा आहे, एक तशीच हवी. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. शेवटी तडजोड अशी झाली, की बिनचिमटीच्या बाटलीबरोबर ते स्वतः येतील, शेजारी बसतील, आणि पाच वाजले की तिच्यात चिमूट टाकूनच उठतील. तसे ते खरोखर वाळूची बादली घेऊन कंट्रोल रूममध्ये येऊन बसले.

डाबरेंनी आधी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज काय, अग्निशमन?"

मी त्यांना सगळं सांगितलं. रजिस्टर उघडून दाखवलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते एकेक पान उलटत राहिले, बोटाने माझ्या सह्यांवरून खाली उतरत गेले, आणि रजिस्टर मिटून म्हणाले, "माझ्या बायकोने महिन्याभरापूर्वी आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये बढतीचे पेढे सांगून ठेवलेत. मेमोचं मी तिला सांगितलेलं नाही."

मी म्हणाले, "बाटल्यांवर मी चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत. कुठली कोणती, ते फक्त काकांना माहीत आहे. तुम्ही उचलाल ती बाटली मी कुपीत भरते. फोटोमागे तुम्हीच नंबर घाला."

"म्हणजे आज परीक्षा बीमची?"

"नाही. माझी."

दिवसभर तेच केलं. काका तोंड फिरवून बसायचे, डाबरे बाटली निवडायचे, मी कुपी भरून भिंतीआड ठेवून यायची, दार लागायचं, घंटा वाजायची, झोत सुटायचा. पायरी चढली आणि टिकली. पायरी चढली आणि घरंगळली. टिकली. घरंगळली. घरंगळली. टिकली. काका कोपऱ्यातून बघत होते. त्यांना पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण दुपारनंतर रेघ पाहून तेच आधी सांगू लागले, "ही चिमटीची," आणि एकदाही चुकले नाहीत. बावीस फोटो झाले. पाच मोजमापांच्या मालिकेतलं एकही झालं नाही.

शनिवारचं आधी सांगून टाकते. समितीने मला पत्र, फोटो आणि दोन्ही वह्या घेऊन आत बोलावलं. एका वयस्क सदस्याने काकांच्या रजिस्टरावर बोट ठेवून विचारलं, ही सही तुमची? मी हो म्हटलं. पान उलटून पुन्हा विचारलं. असं त्यांनी एकेचाळीस वेळा विचारलं, एकही सही सोडली नाही, आणि मी एकेचाळीस वेळा हो म्हटलं. मेमो रद्द झाला. जागा डाबरेंना मिळाली. चंद्रपूरची जागा जुलैत दुसऱ्या कुणाला गेली, आणि माझा प्रबंध त्यानंतर वीस महिन्यांनी जमा झाला. तोवर मी एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना रसायन शिकवत होते. त्या वीस महिन्यांत मी कितीदा तरी सगळ्यांवर चिडले, शुक्रवारच्या स्वतःवरसुद्धा. हे सांगितलं नाही तर गोष्ट खोटी होईल.

पण मला राहून राहून आठवते ती शुक्रवारची संध्याकाळ. पाच वाजले. काकांनी डबी उघडली, उरलेल्या बाटलीत चिमूट सोडली, झाकण लावलं, बादली उचलली आणि निघून गेले. मशीनची घरघर हळूहळू उतरत थांबली. आता वर्षभर ती ऐकू येणार नव्हती. डाबरेंनी शिफ्टची वही माझ्यापुढे सरकवली.

मी पेन उचललं आणि पहिल्यांदाच ती वही वाचली. तासातासाला आकडे होते, दहापासून पाचपर्यंत, सगळे जवळजवळ सारखे. मागची पानं उलटली. सोमवार, मंगळवार, गुरुवार. सगळीकडे तेच आकडे, तेच सुबक अक्षर, बीम स्थिर, बीम स्थिर. आणि खाली माझा फराटा. ज्या गुरुवारी मी दार आपटून गेले होते त्या गुरुवारीही. दोन वह्यांत मी रोज सही करत होते. एकीत लिहिलं होतं दोष कुठे आहे, आणि दुसरीत लिहिलं होतं कुठे नाही. मग मी तिसरा कागद घेऊन तक्रार लिहिली होती.

पानाच्या तळाशी एक रकाना होता, वापरणाऱ्याची तक्रार असल्यास. चार महिने तो रिकामा होता. मी त्यात लिहिलं, "बीमबद्दल तक्रार नाही. कधीच नव्हती." खाली पूर्ण नाव लिहून सही केली, हेमलता गेडाम, आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

डाबरेंनी चष्मा लावून ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पाहिलं असावं, कारण ते वहीतच बघत राहिले. मग त्यांनी वही परत माझ्याकडे सरकवली आणि सहीखालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"तारीख राहिली, मॅडम," ते म्हणाले.